खापर कुणाच्या डोक्यावर?

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण म्हणतो. स्वभावाला औषध नसतं, असंही म्हणतो. पहिली म्हण बहुतेक वेळा कौतुकानं निघते. गुरुजींची मुलगी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली की कुणीतरी ती टाकतंच. दुसरी कपाळाला हात लावून निघते. प्रसंग वेगळे असले तरी दोन्हींच्या पोटात समजूत एकच आहे. जो जसा आहे तसाच तो येताना आला. पुढे फार तर वरचा रंग बदलतो, आतलं काही बदलत नाही.

गंमत अशी की, या समजुतीसाठी आपण ज्या माशाला साक्षीदार म्हणून उभं करतो, तोच उलट साक्ष देतो. पोहणं उपजत आहे, हे खरं. पण कुठे वळायचं, वाट कशी लक्षात ठेवायची, कुणासमोर दबायचं आणि कधी पुढे यायचं, हे ठरवणारा माशाचा मेंदू त्याच्या भोवतीच्या पाण्याबरोबर बदलत जातो. पिल्लाचा बदलतो, आणि पूर्ण वाढ झालेल्या माशाचाही बदलतो.

हे नुसतं विज्ञानाचं कुतूहल असतं तर एका छोट्या टिपणात संपलं असतं. पण त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. एखाद्या जिवाची बुद्धी तो कुठे ठेवला आहे यावरही ठरत असेल, तर ‘याला डोकंच नाही’ हे वाक्य नेमकं कुणाबद्दल असतं? त्या जिवाबद्दल, की त्याला तिथे ठेवणाऱ्याबद्दल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेऱ्या, बाजार, बसस्थानक सगळं पांढरकवड्यात. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग इथूनच जातो. भोवती कापसाची शेतं, एका अंगाला टिपेश्वरचं जंगल, खुनी नदी, तिच्यावरचं सायखेडा धरण, आणि रस्त्यापासून आत आत कोलामांचे पोड. इथल्या शाळेत, कृषी केंद्राच्या काउंटरवर, बँकेच्या रांगेत आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत माणसाला ‘दगड’ म्हणायला कुणाला फार विचार करावा लागत नाही. म्हणून सुरुवात दगडापासूनच करू.

टाकीतला दगड

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सालमन आणि त्याच्या जातभाईंची पिल्लं हॅचरीत वाढवून नदीत सोडतात. आपल्याकडे तलावात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात, तसंच. पण तिकडे एक जुनी तक्रार होती. हॅचरीतला मासा दिसायला धडधाकट, पण नदीत गेला की नदीतच जन्मलेल्या माशाइतका टिकत नाही.

हॅचरीची टाकी साफसफाईला सोपी असावी लागते. म्हणून ती गुळगुळीत, रिकामी. तळाला काही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या रिबेका किहस्लिंगर आणि गॅब्रिएल नेव्हिट या दोघींनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्टीलहेड ट्राउट जातीची अगदी कोवळी पिल्लं त्यांनी दोन तऱ्हेच्या टाक्यांत वाढवली. एक नेहमीची रिकामी टाकी. दुसरी तशीच, फक्त तळाशी दगड टाकलेले. दगडांमध्ये वाढलेल्या पिल्लांचं अनुमस्तिष्क, म्हणजे हालचालींचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, रिकाम्या टाकीतल्या पिल्लांपेक्षा मोठं भरलं.

सात वर्षांनी, २०१३ साली, नॉर्वेतल्या अॅन ग्रो साल्व्हानेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालमनच्या जरा मोठ्या पिल्लांवर तसाच प्रयोग केला. काही टाक्यांत दगड आणि प्लास्टिकची झाडं ठेवली, आणि त्यांची मांडणी अधूनमधून बदलत राहिले. त्या टाक्यांतले मासे भूलभुलैयातून बाहेर पडायला अधिक चांगले शिकले. त्यांच्या अग्रमेंदूत, नव्या चेतापेशी तयार होण्याशी संबंधित असलेलं एक जनुक अधिक जोमानं काम करत होतं.

म्हणजे दगड डोक्यात नव्हता, टाकीत होता, आणि तो होता म्हणून डोकं चाललं. ज्यांच्या टाकीत दगड नव्हता, त्यांना नदीत सोडल्यावर आपण म्हणणार, मासा मठ्ठ निघाला.

यात एक बारकावा आहे. दगड माशाला काही शिकवत नाही. तो फक्त आडवा येतो. त्याला वळसा घालावा लागतो, त्याच्या आड लपता येतं, पलीकडे काय असेल याचा अंदाज घ्यावा लागतो. रिकाम्या टाकीत चुकायलाच जागा नसते, म्हणून शिकायलाही नसते. सुरक्षित, स्वच्छ, अडथळा नसलेली जागा म्हणजे चांगली जागा, असं आपण धरून चालतो. माशाचा मेंदू ते मान्य करत नाही.

वय झाल्यावर काय?

इथवरचं ऐकून कुणी म्हणेल, ही तर पिल्लांची गोष्ट झाली. कच्च्या मडक्याला आकार देता येतो, भाजलेल्याला नाही. पंचविशी ओलांडलेल्या, दोन-तीनदा परीक्षा हुकलेल्या मुलाला घरात हेच ऐकवतात, आणि तोही स्वतःला हेच सांगतो.

मासा मात्र पूर्णपणे भाजून निघतच नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा झेब्राफिश मुळात आपल्याच भागातला. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याची पहिली शास्त्रीय नोंद आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. जर्मनीतल्या ड्रेसडेनच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की, पूर्ण वाढ झालेल्या झेब्राफिशच्या मेंदूत सोळा वेगवेगळ्या ठिकाणी पेशींची नवी निर्मिती चालू असते. सस्तन प्राण्यांमध्ये अशी ठिकाणं मोजकीच. माशाचं शरीर आयुष्यभर थोडं थोडं वाढत राहतं आणि मेंदूही त्याच्याबरोबर वाढतो.

या निर्मितीचा वेग मात्र सगळीकडे सारखा नसतो. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेत मंद वीज सोडून आजूबाजूचा अंदाज घेणारा एक मासा आहे. केंट डनलॅप आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्याच्या वाढ झालेल्या माशांचे मेंदू तपासले. निसर्गातून आणलेल्या माशांच्या मेंदूत नव्या पेशी बनण्याचं काम कैदेत ठेवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त चालू होतं. मासे त्याच जातीचे, प्रौढ, फक्त राहण्याची जागा वेगळी.

शिकण्याबद्दलही एक जुना, सुंदर दाखला आहे. बहामा बेटांच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खळग्यांत पाणी साचून राहतं. त्यात राहणारा एक गोबी मासा शत्रू आला की उडी मारून शेजारच्या खळग्यात जातो. शेजारचा खळगा त्याला दिसत नसतो, आणि अंदाज चुकला तर तो कोरड्या खडकावर पडून मरेल. तरी तो बरोबर पाण्यातच पडतो. लेस्टर अॅरॉन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्याला याचं कारण शोधलं. भरतीच्या वेळी खडकावरून पाणी फिरतं तेव्हा मासा पोहत पोहत सगळा परिसर पाहून ठेवतो. ओहोटीला तो उडी मारतो ती या आठवणीतल्या नकाशावर. खळग्यातून दूर ठेवलं तरी ही आठवण चाळीस दिवस टिकली.

पण भरती आलीच नसती तर? मासा तोच, हुशारी तीच. ओहोटीत उडी मारायची वेळ आल्यावर मात्र तो खडकावर आपटला असता, आणि आपण म्हटलं असतं, धाडस आहे पण अक्कल नाही.

खापराचं घर

नीतीच्या प्रश्नाला सगळ्यात जवळून भिडणारा मासा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रसेल फर्नाल्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं त्याचा अभ्यास केला. या सिक्लिड माशाचे नर दोन प्रकारचे दिसतात. काही भडक रंगाचे, डोळ्याजवळ काळा पट्टा असलेले. ते जागा ताब्यात ठेवतात, माद्यांना आपल्याकडे वळवतात, इतरांना हुसकावून लावतात. उरलेले बहुसंख्य नर फिकट, माद्यांसारखे दिसणारे, कळपात मिसळून राहणारे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल की या दोन जातीच आहेत. एक जन्मतः राजे, दुसरे जन्मतः रयत. प्रत्यक्षात फरक फक्त परिस्थितीचा आहे. एका प्रयोगात संशोधकांनी दिवे लागण्याआधी, अंधारातच, टाकीतला वरचढ नर काढून घेतला. उजेड झाल्यावर फिकट नराला जागा मोकळी दिसली. काही मिनिटांत त्याचा रंग चढला, पट्टा उमटला, आणि तो मालकासारखा वावरू लागला. त्याच वेळी त्याच्या मेंदूत प्रजननाचा कारभार पाहणाऱ्या पेशींमध्ये जनुकांची कामं सुरू झाली, आणि पुढच्या काही दिवसांत त्या पेशी आकारानं मोठ्या झाल्या. उलटही घडतं. ज्याची जागा जाते, त्याचा रंग उतरतो आणि त्याच पेशी हळूहळू आक्रसतात. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या मेंदूत, केवळ समाजातलं स्थान बदललं म्हणून झालेला हा बदल आहे.

फिकट नर या काळात बिनडोक बसलेला असतो, असंही नाही. त्याच प्रयोगशाळेनं २००७ साली दाखवलं की, बाजूला ठेवलेले नर इतरांच्या मारामाऱ्या नुसत्या बघून कोण कुणापेक्षा वरचढ आहे याची मनातल्या मनात उतरंड लावतात. ‘अ’नं ‘ब’ला हरवलं, ‘ब’नं ‘क’ला हरवलं, म्हणजे ‘अ’ हा ‘क’पेक्षा भारी, हा तर्क त्यांना जमतो. बुद्धी आहेच. ती वापरायला जागा नाही.

प्रयोगशाळेच्या टाकीत ‘जागा’ म्हणजे काय असतं? मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा. सरळ मराठीत, खापर. ज्याच्या वाट्याला खापर आलं त्याचा रंग चढला.

आपल्याकडे मात्र अपयशाचं खापर ज्याचं त्याच्याच डोक्यावर फुटतं. पांढरकवड्यात काय, यवतमाळला काय, पोलीस भरतीची, तलाठ्याची, राज्यसेवेची तयारी करणारी मुलं सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत शिरतात ती रात्री बाहेर पडतात. त्यांच्या मोबाइलवर दिवसभर प्रेरणेचे व्हिडिओ येत असतात. त्या सगळ्या व्हिडिओंचं म्हणणं थोडक्यात असं, की रंग तुमच्या आतच आहे, फक्त तो बाहेर काढा. फिकट राहिलात तर जिद्द कमी पडली.

सिक्लिडच्या टाकीत हे भाषण कितीही वेळा केलं तरी एकही नर जास्त भडक होणार नाही. खापरं वाढवली तर होईल. दहा माशांत दोन खापरं असतील तर आठ फिकट राहणार, मग ते कितीही जिद्दी असोत. आणि फिकट राहण्याचा परिणाम नुसता खिशावर होत नाही, तो डोक्याच्या आत जाऊन बसतो. म्हणजे ज्या फिकेपणाला आपण अपयशाचं कारण समजतो, तो बऱ्याचदा अपयशाचा परिणाम असतो.

उपाशी मेंदू

हे सगळं संशोधन परदेशातलंच आहे, असं मानायचं कारण नाही. माशाच्या मेंदूवर चांगलं काम विदर्भातही झालं आहे. नागपूर विद्यापीठात प्रा. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागूरच्या कुळातल्या माशांच्या मेंदूतली रासायनिक द्रव्यं वर्षानुवर्षं तपासली. भूक आवरणारं एक पेप्टाइड मेंदूच्या ठराविक पेशींत असतं. माशाला उपास घडला की त्याचं प्रमाण घटतं, आणि शरीराला साखर मिळाली की पुन्हा वाढतं, असं या कामातून दिसलं. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये याच विषयावर झेब्राफिशवर काम झालं. पाण्यातला दगड, शेजारचा मासा, तसंच पोटातलं अन्न. मेंदूचं परिसराशी नातं इतक्या खोलवर जातं.

भुकेवरून माणसाकडे वळू. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यांनी श्रीमंत आणि गरीब अशी तुलना केली नाही. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्ती ऊस तोडण्याआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर तपासली. तोडणीआधी तीच माणसं चाचण्यांत कमी पडली. या निष्कर्षांवर पुढे वादही झाले, आणि एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये. पण ज्यानं जून महिन्यात घरात खत, बियाणं, मुलीची फी आणि जुनं कर्ज असे चार आकडे एकाच वहीवर मांडलेले पाहिले आहेत, त्याला हा निष्कर्ष धक्का देत नाही.

केळापूरचा कापूसवाला शेतकरी वर्षातले सगळ्यात मोठे निर्णय केव्हा घेतो? कोणतं बियाणं, किती उधारी, कुणाकडून, किती टक्क्यानं? पेरणीच्या तोंडावर, म्हणजे हात सगळ्यात रिकामा असताना. कापूस विकून चार पैसे आले की डोकं मोकळं होतं, पण तोवर ठरवण्यासारखं फारसं काही उरत नाही. आणि चुकलं की काउंटरपलीकडचा माणूस म्हणतो, यांना हिशेबच कळत नाही.

पोडावरच्या मुलाची गोष्ट याहून कठीण. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा आहे. एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९५५ साली तिच्यावर सबंध ग्रंथ लिहिला. तिला स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःची घडण आहे. अशी भाषा घरी बोलणारं मूल सहाव्या वर्षी मराठी शाळेत येतं आणि गप्प बसतं. जंगलातली वाट, कोणत्या झाडाला केव्हा काय येतं, ढोरं कुठे वळतील, हे त्याच्या डोक्यात नकाशासारखं असतं. गोबी माशासारखं ते भरतीच्या पाण्यात सगळं पाहून आलेलं असतं. फक्त उडी मारायला सांगितलेला खळगा दुसऱ्याच किनाऱ्यावरचा असतो. ‘डोक्शात काही शिरतच नाही’ हा शेरा इथे बसतो, आणि बसला की निघत नाही. कारण पुढे त्या मुलाला तसंच वागवलं जातं, कमी विचारलं जातं, मागच्या बाकावर बसवलं जातं. रिकामी टाकी अशीही तयार होते.

तीन आक्षेप

या सगळ्यावर तीन आक्षेप घेता येतात, आणि तिन्ही दमदार आहेत.

पहिला, माणूस म्हणजे मासा नव्हे. बरोबर. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात की नाही, यावर शास्त्रज्ञांतच एकमत नाही. २०१८ साली काही आठवड्यांच्या अंतरानं दोन मोठे अभ्यास आले. एकाचं म्हणणं, मोठेपणी ही निर्मिती जवळपास थांबते. दुसऱ्याचं म्हणणं, म्हातारपणापर्यंत चालू राहते. पण नव्या पेशी हा बदलाचा एकच मार्ग नाही. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशी तयारी करणाऱ्या ७९ जणांचे मेंदू सुरुवातीला आणि काही वर्षांनी तपासले. ३९ जण उत्तीर्ण झाले. त्यांच्या मेंदूतला, वाटा लक्षात ठेवण्याशी जोडलेला भाग वाढला होता. जे नापास झाले त्यांचा वाढला नव्हता. ही सगळी वाढलेली, जाणती माणसं होती. तेव्हा माशाचा नियम माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, पण ‘आता काही होणार नाही’ हे वाक्यही टिकत नाही.

दुसरा आक्षेप, मोठा मेंदू म्हणजे चांगला मेंदू कशावरून? हाही रास्त. स्वीडनमध्ये गप्पी माशांच्या पिढ्यान्‌पिढ्या निवडून मोठ्या मेंदूचे मासे तयार केले गेले. त्यातल्या माद्या शिकण्याच्या चाचणीत सरस ठरल्या, पण या माशांचं आतडं लहान झालं आणि पिल्लं कमी झाली. लंडनचे टॅक्सीवालेही दुसऱ्या काही प्रकारच्या स्मरणात इतरांपेक्षा थोडे मागे पडतात. मेंदूत फुकट काही मिळत नाही. म्हणून ‘समृद्ध परिसर’ याचा अर्थ लहानपणापासून मुलाच्या डोक्यावर क्लासांचा ढीग रचणं, असा होत नाही. साल्व्हानेस यांच्या टाकीत कुणी माशांची शिकवणी घेत नव्हतं. दगड होते, झाडं होती आणि पोहायला मोकळीक होती.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड. सगळं परिसरावर ढकललं तर माणसाची स्वतःची जबाबदारी कुठे राहते? दारू पिऊन घर बुडवणाराही म्हणेल, माझी टाकीच रिकामी होती. मग दोष कुणालाच द्यायचा नाही आणि शाबासकीही कुणाला द्यायची नाही?

मला वाटतं, इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. ‘मी आता काय करायचं?’ हा एक. ‘त्याच्याबद्दल मी काय म्हणायचं?’ हा दुसरा. पहिला प्रश्न स्वतःला विचारताना परिसराचं कारण पुढे करणं घातक आहे, कारण त्यातून हालचालच थांबते. वाढलेल्या माशाचाही मेंदू बदलतो, हे ऐकून पुस्तक उघडणं हा त्याचा योग्य उपयोग. दुसरा प्रश्न विचारताना मात्र परिसर विसरणं घातक आहे, कारण त्यातून आपण दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या रिकाम्या टाकीची शिक्षा त्यालाच देतो. आपली रोजची सवय नेमकी उलटी आहे. स्वतःचं चुकलं की परिस्थिती, दुसऱ्याचं चुकलं की स्वभाव.

जबाबदारी नाहीशी होत नाही, ती वाटली जाते. शिकणाऱ्याच्या वाट्याला मेहनत येते. आणि ज्याच्या हातात टाकी आहे, म्हणजे शिक्षक, पालक, वसतिगृह चालवणारा, बँकेचा अधिकारी, सरकार, त्याच्या वाट्याला दगड टाकणं येतं. ज्याला दुसऱ्या जिवाचा परिसर ठरवण्याची सत्ता आहे, त्याच्यावर त्या जिवाच्या बुद्धीचंही थोडं ऋण चढतं. घरात हौसेनं काचेच्या गोल भांड्यात मासा ठेवणाराही यातून सुटत नाही. त्या भांड्यात आपण नुसता एक मासा ठेवत नाही, एक मेंदू ठेवतो, आणि तो कसा होईल हे बऱ्याच अंशी ठरवतो.

तळ्यात उतरलेली माणसं

मासा आणि माणूस यांच्यातला खरा फरक मला इथे दिसतो. मासा आपली टाकी बदलू शकत नाही. माणसं बदलू शकतात, स्वतःची आणि एकमेकांचीही.

पूर्व विदर्भातल्या भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत हे घडलं आहे. बेशरमीची झाडं माजली, बाहेरचं मत्स्यबीज आलं, पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्याबरोबर स्थानिक मासेही कमी झाले. तिथल्या ढीवर समाजातल्या माणसांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांच्याबरोबर, वेगळा विचार केला. बेशरम उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कशाच्या आड लपतो, हे ज्ञान ढीवरांच्या जुन्या माणसांकडे होतंच. बायकाही या कामात पुढे आल्या. त्यांच्या मनात माशाच्या मेंदूचा विचार नव्हता, पोटाचा होता. पण मासे आहेत तिथे सुधारायचे असतील तर आधी तळं सुधारावं लागतं, हे त्यांना कुणी प्रयोगशाळेतून सांगायला आलं नव्हतं.

यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. ढीवरांना अडाणी म्हणणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. तळ्याचं काम सुरू झालं तेव्हा सगळ्यात उपयोगाचं ज्ञान त्यांच्याकडेच निघालं. तळं बदललं तशी हुशार कोण, याची यादीही बदलली.

केळापुरात अशी तळी कोणती, हे शोधायला दूर जावं लागत नाही. पोडावरच्या मुलाला पहिली दोन वर्षं कोलामी कळणारं कुणीतरी वर्गात असणं, हा एक दगड. शेतकऱ्याच्या कर्जाचा कागद पेरणीच्या घाईत न काढता कापूस विकल्यावर, डोकं शांत असताना समजावून सांगणं, हा दुसरा. अभ्यासिकेत खुर्च्या वाढवण्याबरोबर तालुक्यात कामाच्या जागा वाढवणं, म्हणजे खापरं वाढवणं, हा तिसरा आणि सगळ्यात जड. पहिले दोन एखादा शिक्षक, एखादा बँकवालासुद्धा उचलू शकतो. तिसरा एकट्यानं उचलत नाही, आणि तो उचलला जात नाही तोवर फिकट राहिलेल्या मुलांना जिद्दीवर भाषण देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हीही कुणाच्या तरी टाकीचा भाग आहात. धाकट्या भावाच्या, शेजारच्या मुलीच्या, वर्गात मागे बसणाऱ्या कुणाच्या. पुढच्या वेळी ‘दगड आहे नुसता’ असं तोंडावर आलं, तर क्षणभर थांबून एवढंच विचारा, की याच्या टाकीत दगड कुणी टाकला होता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर शेरा मारायच्या आधी हातात एक घ्या, आणि तळाशी नेऊन ठेवा.